जुना आवाज न पुसता

टू-इन-वनवर आवाज भरायचा तर दोन बटणं एकदम दाबावी लागत, प्लेचं आणि लाल ठिपक्याचं. मी ती दाबली तेव्हा बारा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी पोळा होता. घरात बैलांच्या शिंगांना रंग लावणं चाललं होतं आणि गावाचं अर्धं चित्त आधीच जाम नदीच्या पात्रात जाऊन बसलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ, असतो, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. रेडिओवर मला कधीचं हवं असलेलं गाणं लागलं. हाताशी आली ती कॅसेट मी आत सरकवली.

त्या कॅसेटमध्ये आजी होती.

नागपंचमीला काका नागद्वारीची यात्रा करून आले, तेव्हा आजीने ओसरीत बसून महादेवाची गाणी म्हटली होती. आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातून माणसं पचमढीच्या डोंगरात महादेवाला जातात आणि चढणीवर ही गाणी म्हणतात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. आजी तरुणपणी त्या वाटेने गेलेली. काकांनी तिला टेपसमोर बसवलं तेव्हा आधी ती लाजली, मग पाऊण तास थांबली नाही. झाल्यावर म्हणाली, "वाजव नं रे, माहा आवाज आइकू दे." स्वतःचा आवाज ऐकून तिला इतकं हसू आलं की तिने पदर तोंडाला लावला.

हिवाळ्यात आजी गेली. तेराव्याला सगळे जमले असताना काकांनी ती कॅसेट लावली. सिनेमाचं गाणं वाजलं. मग दुसरं. मग निवेदकाचा आवाज. काकांनी फीत पुढे पळवली, थांबवली, पुन्हा पळवली. अगदी शेवटी, फीत संपता संपता, दहा-बारा सेकंद आजी गायली आणि बटण खटकन वर आलं. मला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

नवा आवाज भरला की जुना जातो, हे यंत्र असं का वागतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. त्याचं उत्तर शोधता शोधता मी पोचलो गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, शिवोली गावच्या एका जुन्या घरात. तिथे १९८४ च्या सुमाराला एका माणसाने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला होता.

आधी यंत्राचं सांगतो. कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चढवलेला लोहकणांचा पातळ थर. आवाज त्या कणांत चुंबकाच्या रूपाने बसतो. फीत टेपमधून सरकताना तिच्या वाटेत डोकी असतात. आपण त्यांना 'हेड' म्हणतो, स्पिरिटच्या कापसाने पुसतो. रेकॉर्डिंगच्या वेळी फीत आधी जाते पुसणाऱ्या हेडवरून. तिथे कानाला ऐकूच येणार नाही इतक्या वेगवान कंपनांचा प्रवाह चालू असतो आणि तो कणांची आधीची मांडणी विस्कटून टाकतो. पाटी कोरी होते. मगच पुढचं हेड त्यावर नवं लिहितं. दोन्ही कामं एकाच झटक्यात, दोन बोटांच्या अंतरात होतात. म्हणजे रेडिओवरच्या गाण्याचा पहिला सूर फितीवर उतरण्याच्या क्षणभर आधीच आजी गेलेली होती.

एका आवाजाच्या शेजारी दुसरा आवाज ठेवता यावा, पहिला न पुसता, ही धडपड फार जुनी. अमेरिकेतला गिटारवादक लेस पॉल याने १९४८ मध्ये तबकड्यांवर तबकड्या घासून आपल्याच गिटारीचे अनेक थर एकमेकांवर चढवले. पुढे टेप यंत्र हाती आल्यावर त्याने त्यात एक जादा हेड बसवलं, आणि न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी बायकोच्या, मेरी फोर्डच्या एका गळ्याचे अनेक गळे केले. त्यातून समांतर पट्ट्यांची, म्हणजे अनेक ट्रॅकची यंत्रं आली. एकाच फितीवर एकमेकींना न शिवणाऱ्या वाटा. एका वाटेवर ढोल, दुसरीवर गिटार, तिसरीवर गळा. एक वाट ऐकत दुसरी भरायची. बीटल्सनी 'सार्जंट पेपर' हा १९६७ चा अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवरच केला. पण ती यंत्रं कपाटाएवढी, महाग, आणि कंपनीच्या स्टुडिओत कुलपाआड. तिथे शिरायचं तर कंपनीने हो म्हणायला हवं.

शिवोलीच्या त्या माणसाला, रेमो फर्नांडिस यांना, कंपन्यांनी नाही म्हटलं.

आपल्याकडच्या वरातींनी रेमोंचा आवाज ऐकला तो १९९५ मध्ये, 'बॉम्बे' सिनेमातल्या 'हम्मा हम्मा' मध्ये. मीही तोवर त्यांना तेवढंच ओळखत होतो. त्याच्या अकरा वर्षं आधीची त्यांची पहिली कॅसेट कशी झाली, हे मी नंतर वाचलं आणि वाचता वाचता ताठ बसलो.

त्यांचा जन्म १९५३ चा, पणजीचा. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. घरात पोर्तुगीज गाणी, गावात कोंकणी मांडो, आणि लंडनहून आलेल्या तबकड्यांतून रॉक अँड रोल, अशा तीन वाऱ्यांत ते वाढले. शाळेतच बँड केला. मग मुंबईला सर जे. जे. कॉलेजात वास्तुकला शिकले. मुंबईच्या रॉक बँडांत वाजवलं, सत्तरच्या दशकाच्या अखेरीला युरोप आणि उत्तर आफ्रिका अनोळखी गाड्यांना हात दाखवत पालथी घातली, आणि परत आले ते गोव्यात. चित्रं काढायची, लिहायचं, गाणी बांधायची. इंग्रजी गाणी, पण त्यांत गोव्याची माणसं, गोव्याचे रस्ते, गोव्यातल्या परदेशी पाहुण्यांचे नाद.

ती गाणी घेऊन ते मुंबईत एचएमव्ही आणि सीबीएस या कंपन्यांकडे गेले. भारतीय माणसाने स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांना बाजार नाही, असं उत्तर मिळालं. त्या काळात ते उत्तर कुणालाही खरंच वाटलं असतं. सिनेमाची गाणी ताडदेवच्या नाहीतर महालक्ष्मीच्या स्टुडिओत पन्नास-साठ वादकांच्या ताफ्यासह ध्वनिमुद्रित होत. रॉक वाजवणारी मुलं होती, पण त्यांच्याकडून मागणी असे ती परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकलेची. लग्नात, हॉटेलात, कॉलेजच्या गॅदरिंगला लोक इंग्रजी गाणं ऐकत ते रेडिओवर आधी ऐकलेलं असलं तरच. आणि बाजार आहे की नाही हे ठरवायचं एकच माप होतं: कंपनी. कंपनीने छापलं नाही, म्हणून दुकानात नाही; दुकानात नाही, म्हणून बाजार नाही.

रेमोंच्या त्या पहिल्या कॅसेटच्या सात वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये असाच एक प्रकार वेगळ्या तऱ्हेने घडला होता. ऱ्होड आयलंडच्या कला महाविद्यालयात शिकलेली तीन मुलं, डेव्हिड बर्न, ख्रिस फ्रँट्झ आणि टीना वेमथ, मॅनहॅटनच्या एका पडक्या वस्तीतल्या माळ्यावर राहून गाणी बसवत होती. टीनाने बेस गिटार हाती घेतली ती बँडसाठीच. 'टॉकिंग हेड्स' हे त्यांचं नाव. १९७५ च्या जूनमध्ये सीबीजीबी नावाच्या एका कोंदट बारमध्ये त्यांनी पहिल्यांदा वाजवलं. पुढे चौथा आला, जेरी हॅरिसन, तो तेव्हा हार्वर्डला वास्तुकला शिकत होता. १९७७ च्या सप्टेंबरात त्यांचा पहिला अल्बम निघाला, 'टॉकिंग हेड्स : ७७'. मुखपृष्ठावर ना फोटो ना चित्र, भडक तांबड्यावर हिरवी अक्षरं, बस्स. ते बर्नचंच काम. ज्याला तेव्हा 'न्यू वेव्ह' म्हणू लागले, त्या लाटेतला हा फार मोलाचा अल्बम. गाणं म्हणजेही एक रचलेली वस्तू आहे, घरासारखी, पोस्टरसारखी, आणि तिच्यात एकही वीट शोभेची नको, हा त्या मुलांचा आग्रह मला मनापासून पटतो. त्यांच्या दुसऱ्या अल्बमच्या नावातच इमारती आणि जेवण आलं. प्रेम आणि विरह यांच्या पलीकडेही गाण्याला विषय असतात, एवढं त्यांनी रॉकला शिकवलं.

पण त्यांना एक गोष्ट मिळाली जी शिवोलीत नव्हती. सायर रेकॉर्ड्सचा सीमोर स्टाइन त्या बारबाहेर उभा असताना आतलं त्यांचं वाजवणं त्याच्या कानावर पडलं आणि तो आत गेला. कंपनीच दारात आली होती. गोव्यात सीमोर स्टाइन येणार नव्हता.

तरी एक गोष्ट आली. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये 'पोर्टास्टुडिओ' नावाचं यंत्र काढलं. दिसायला जाडजूड पेटी, टेबलावर मावणारी, आणि तिच्यात चालणारी कॅसेट आपली नेहमीचीच. कॅसेटची फीत रुंदीला चार मिलीमीटरही नसते. साध्या स्टीरिओ टेपमध्ये तिच्यावर एका बाजूच्या दोन पट्ट्या जाताना आणि दुसऱ्या बाजूच्या दोन येताना, अशा चार पट्ट्या असतात. टीॲकवाल्यांनी चारही पट्ट्या एकाच दिशेला वळवल्या. 'बी' बाजूच काढून टाकली. फिरण्याचा वेग दुप्पट केला, म्हणजे आवाज स्वच्छ उतरतो. परिणामी साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पंधराच मिनिटं मावू लागली. पण त्या पंधरा मिनिटांत माणूस चौघं होऊ शकत होता. पहिल्या पट्टीवर भरलेलं कानाला लावून ऐकायचं आणि दुसरी भरायची. पुसणारं हेड फक्त त्याच पट्टीवर चालतं, शेजारचीला हात लावत नाही.

हे वाचलं तेव्हा मी थांबलो. बारा वर्षांच्या त्या पोराला नेमकं हेच हवं होतं.

१९८२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्यू जर्सीत ब्रूस स्प्रिंगस्टीन याने भाड्याच्या घरात याच जातीच्या यंत्रावर आपली गाणी कच्ची म्हणून भरली. पुढे बँडसह स्टुडिओत तीच पुन्हा करून पाहिली, पण जमलं नाही. शेवटी घरातली कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. त्याच्यामागे एवढी मोठी कंपनी उभी होती, तरी त्याला घरीच परतावं लागलं. रेमोंच्या मागे कोणी नव्हतं. त्यांनी टीॲकचं चार ट्रॅकचं पोर्टास्टुडिओ शिवोलीच्या घरात मांडलं आणि 'गोअन क्रेझी' हा आपला पहिला अल्बम करायला घेतला.

शब्द त्यांचे, चाली त्यांच्या. वाद्यं सगळी त्यांनीच वाजवली. गळे सगळे त्यांचेच, मुख्य गाणारा तेच आणि मागून साथ देणारेही तेच. मिश्रण त्यांनी केलं. कव्हर त्यांनी रचलं. पैसा त्यांनी घातला.

चार पट्ट्यांवर चारच आवाज मावतात, मग पूर्ण बँड कसा उभा राहतो? यंत्राच्या या कोड्याशी मी बरेच दिवस झगडलो. उत्तर साधं आहे आणि भयंकरही. तीन पट्ट्या भरायच्या, समजा ताल, बेस आणि गिटार. तिन्हींची पातळी जुळवून त्यांचं मिश्रण चौथीवर उतरवायचं. आता पहिल्या तीन मोकळ्या. त्यांच्यावर नवं भरायचं. यालाच बाउन्स म्हणतात. पण चौथीवर एकदा उतरलेली तिन्ही वाद्यं पुन्हा वेगळी काढता येत नाहीत. आठवड्याने वाटलं की बेस थोडा मोठा हवा होता, तर इलाज नाही, सगळं पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची सळसळ वाढत जाते, पाटावरून पाटात पाणी वळवताना गाळ यावा तशी. म्हणजे पहिला ठोका भरतानाच अखेरचं गाणं डोक्यात पूर्ण ऐकू आलेलं असावं लागतं. वर कोणता थर येणार आणि त्याच्या भाराखाली खालचा किती दबणार, हे आधी ठरवावं लागतं.

घर बांधणाऱ्याला हे नवं नाही. स्लॅब पडल्यावर जोत्याला हात घालता येत नाही. रेमोंच्या संगीतावर लिहिताना त्यांच्या वास्तुकलेच्या शिक्षणाचा उल्लेख लोक चरित्रातली एक ओळ म्हणून करून पुढे जातात. मला ती ओळ मुख्य वाटते. नकाशा काढायला शिकलेल्या माणसानेच एवढ्या अरुंद फितीवर एकट्याने एवढी मंडळी उभी करायचं धाडस करावं. टॉकिंग हेड्सचा हॅरिसन आणि शिवोलीचे रेमो यांची एकमेकांना खबरही नसेल, पण दोघांच्या हाती एकच पट्टी-पेन्सिल होती.

कॅसेट झाली. आता दुकान. कंपनी नाही म्हणजे तिचे वितरकही नाहीत. रेमोंनी कॅसेटी आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादल्या आणि गोव्यात दुकानोदुकानी फिरले. पुरातत्त्ववाल्याने उकरून शिलालेख काढावा तसा हा शोध नव्हता, पण मी त्याला शोधच म्हणतो. भारतीय माणसाच्या इंग्रजी गाण्याला बाजार नाही हे मुंबईचं विधान त्या स्कूटरने एकेक दुकान करून खोटं पाडलं. बाजार होता. तो मुंबईच्या टेबलावरून दिसत नव्हता, कारण तो म्हापशाच्या आणि मडगावच्या दुकानांत होता. गोव्याच्या मुलांना गोव्याविषयीचं गाणं हवं होतं आणि तोवर कोणी ते त्यांच्यापुढे ठेवलंच नव्हतं.

पुढचं भराभर सांगता येतं. १९८५ मध्ये 'ओल्ड गोअन गोल्ड', १९८६ मध्ये 'पॅक दॅट स्मॅक', १९८७ मध्ये 'बॉम्बे सिटी'. श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' मध्ये ते १९८५ सालीच दिसले, 'जलवा' १९८७ चा. २००७ मध्ये पद्मश्री. ज्या मुंबईतून ते परतले होते तिनेच त्यांना बोलावून घेतलं.

मला या सगळ्यात थांबावंसं वाटतं ते 'ओल्ड गोअन गोल्ड' पाशी. पहिल्या अल्बमने दार उघडल्यावर त्या माणसाने दुसऱ्याच वर्षी काय केलं? गोव्याची जुनी कोंकणी आणि पोर्तुगीज गाणी घेतली आणि नव्या वाद्यांच्या शेजारी बसवली. आजी-आजोबांची गाणी. नव्या आवाजाने जुना पुसला नाही, त्याला शेजारची पट्टी दिली.

आमच्या ओसरीत हे झालं असतं का? पोर्टास्टुडिओ पांढुर्ण्याला परवडणारा नव्हता, नागपूरलाही सहजी मिळाला नसता. पण आता तो हिशेब उरलेला नाही. ज्या कामासाठी तेव्हा जपानची पेटी लागे, ते काम आज खिशातला फोन करतो, आणि चारच काय, कितीतरी जास्त पट्ट्यांवर करतो. सौंसरचा एखादा मुलगा संत्र्याच्या बगीच्यात बसून आपल्या आजीच्या ओळीखाली स्वतःचा ढोल घालू शकतो आणि आजीच्या आवाजाला ओरखडाही पडणार नाही. आपल्या पांढुर्णा जिल्ह्याला २०२३ मध्ये नाव मिळालं, सरकारी नकाशात रेषा पडली. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदवणारी आपली बोली, महादेवाची गाणी, कोजागिरीपर्यंत चालणारी भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या, हे सगळं मात्र अजून बऱ्याच अंशी आपापल्या घरांत, माळ्यांवरच्या डब्यांत, धूळ बसलेल्या कॅसेटींत आहे. कोणी मुंबईहून, भोपाळहून येऊन ते विचारणार नाही. शिवोलीतही कोणी विचारलं नव्हतं.

फीत कायम टिकत नाही. तिच्यावरचा थर सुटतो, दमट हवेत बुरशी धरतो, फीत चिकटते आणि हेडवर तपकिरी भुकटी सोडते. काकांनी ती कॅसेट फेकली नाही, ती माझ्याकडे आहे. शेवटचे दहा-बारा सेकंद मी संगणकावर उतरवून घेतले आहेत. त्यात आजी एक ओळ उचलते आणि पुरी होण्याआधीच फीत संपते.

म्हणून पांढुर्ण्या-सौंसरच्या वाचकांकडे एवढंच मागतो. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा तो डबा खाली काढा. कॅसेटींवर नावं नसतील, ऐकून लिहा. ज्यात घरच्या माणसाचा आवाज निघेल ती फोनमध्ये नाहीतर संगणकात उतरवून घ्या, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आणि त्याआधी एक काम करा, आजच, त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. कॅसेटच्या ज्या बाजूला फीत उघडी दिसते तिच्या समोरच्या कडेला दोन टोकांवर प्लास्टिकचे दोन चिमुकले चौकोन असतात. ते स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने मोडून टाका. ते मोडले की टेपचं रेकॉर्डचं बटण खाली दबतच नाही.